अडतिसाव्या वर्षी नर्स म्हणून फौजेत जाता येतं का?

वाशीम जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातल्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांचं वय ३८, शिक्षण जीएनएम (नर्सिंगची पदविका), नोकरी १४ वर्षांची. नवऱ्याची मावसबहीण अमेरिकेत नर्स आहे. ती एकेचाळिसाव्या वर्षी तिथल्या आर्मी रिझर्व्हमध्ये गेली. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे वर्दी घालते, बाकीचे दिवस आपल्या दवाखान्यात असते. ताई विचारतात, "आपल्याकडे असं काही आहे का? मागच्या पावसाळ्यात मण्यार चावलेल्या पोराला १०८ मध्ये घालून सव्वा तास अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत जिल्ह्याला नेलं. पोरगं वाचलं. तेव्हापासून वाटते का आपण फौजेत पाहिजे होतो. घरचे हसतात."

ताई, आधी सरळ उत्तर देते, मग सविस्तर बोलू. अमेरिकेत आहे तशी, म्हणजे नोकरी सांभाळून वर्षातले काही दिवस फौजेत नर्स म्हणून काम करायचं आणि त्यासाठी कोणत्याही नर्सने खुल्या जाहिरातीवर अर्ज करायचा, अशी सोय आपल्या देशात नाही. आपल्याकडे वेगवेगळे दोन दरवाजे आहेत. एकातून नर्स म्हणून आत जाता येतं, पण तो पस्तिशीला बंद होतो. दुसरा बेचाळिशीपर्यंत उघडा असतो, पण तिथे तुम्ही नर्स म्हणून जात नाही. म्हणून पुढचं वाचताना एक प्रश्न मनाशी धरून ठेवा: तुम्हाला वर्दी हवी आहे, की वर्दीतल्या माणसांची नर्सिंग करायची आहे? वीस-बावीस वर्षांच्या मुलीला दोन्ही एकदम मिळतं. तुम्हाला आज त्यातलं एक निवडावं लागेल.

माझी ओळख थोडक्यात सांगते. मी यवतमाळ जिल्ह्यातली, दिग्रस तालुक्यातली. बीएस्सी नर्सिंगनंतर काही वर्षं सरकारी दवाखान्यात काढली आणि एकतिसाव्या वर्षी लष्करी परिचर्या सेवेत गेले. इंग्रजीत मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. आपल्याकडे एमएनएस म्हटलं की लोकांना भलतंच वाटतं, म्हणून पूर्ण नाव लिहिते. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या अधिकारी नेमणुकीवर, दहा वर्षं काम केलं आणि परत गावी आले. आता आसपासच्या नर्सिंगच्या मुलींना अर्ज, परीक्षा, मुलाखत याबद्दल जमेल तशी मदत करते.

पहिला दरवाजा हाच. ही सेवा जुनी आहे. २८ मार्च १८८८ ला दहा प्रशिक्षित ब्रिटिश नर्स मुंबईच्या बंदरात उतरल्या, लष्करी दवाखान्यांची घडी बसवायला. पहिल्या महायुद्धात भारतात नर्सची भरती सुरू झाली. १ ऑक्टोबर १९२६ ला कायमस्वरूपी सेवा उभी राहिली आणि तोच दिवस आजही स्थापना दिन म्हणून पाळतात. १९४३ च्या अध्यादेशाने नर्सना कमिशन्ड अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. १९७६ मध्ये याच सेवेतल्या जी. अली राम या देशातल्या पहिल्या महिला मेजर जनरल झाल्या. हे सगळं सांगण्याचं कारण असं की गावात अजूनही लोक समजतात, फौजेतली नर्स म्हणजे साहेबांच्या मागे ट्रे घेऊन फिरणारी बाई. ती लेफ्टनंट असते. खांद्यावर स्टार असतात आणि जवान तिला सॅल्यूट करतो.

या सेवेत थेट जायचं तर बीएस्सी, पोस्ट बेसिक बीएस्सी किंवा एमएस्सी नर्सिंग लागतं, तेही इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता असलेल्या कॉलेजातून. शिवाय राज्याच्या कौन्सिलची नोंदणी लागते. नुसत्या जीएनएमवर अर्ज घेत नाहीत. वय २१ ते ३५. जाहिरातीत जन्मतारखा दिलेल्या असतात, आणि एक दिवस इकडेतिकडे झाला तरी अर्ज बाद होतो. प्रवेश फक्त महिलांना आहे. लग्न झालेल्या, न झालेल्या, विधवा, घटस्फोटित, सगळ्या चालतात. परीक्षा इंग्रजीतून, कॉम्प्युटरवर, पर्यायी प्रश्नांची. मग मुलाखत, मग मेडिकल. सुरुवातीला पाच वर्षांचं कमिशन मिळतं, पुढे मुदत वाढते. जाहिरात दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येईलच असंही नाही. वर्ष-वर्ष वाट पाहावी लागते आणि तोवर एखादीचं वय निघून जातं. मी अशा तिघीजणी पाहिल्या आहेत.

म्हणजे ताई, हा दरवाजा तुमच्यासाठी दोन कारणांनी बंद आहे, वयाने आणि पदवीने. हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, कारण या बंद दरवाजाची किल्ली आपल्याकडे आहे असं सांगणारे फिरत असतात. आमच्याच तालुक्यातल्या एका मुलीने "वयात सूट करून देतो, आत ओळख आहे" म्हणणाऱ्या माणसाला दीड लाख रुपये दिले. बापाने सोयाबीनचे पैसे आणि वर बैलजोडी विकून भरले. हाती आलं ते खोट्या शिक्क्याचं पत्र. फौजेची जाहिरात फौजेच्या अधिकृत संकेतस्थळावर येते आणि रोजगार समाचारात येते. मधल्या कोणालाही एक रुपया द्यायचा नसतो. कोणी मागितला तर पोलीस ठाणं गाठायचं.

तुमच्यासारख्याच ग्रामीण रुग्णालयात कोणी तेहतीस-चौतीस वर्षांची, जीएनएम झालेली बहीण हे वाचत असेल तर तिला सांगते: पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचं असतं. आज प्रवेश घेतला तरी निकाल लागेपर्यंत पस्तिशी ओलांडली जाईल. हिशेब आधी कागदावर करा, मग अभ्यास रजा मागा. पदवी वाया जात नाही, पुढे ट्यूटर म्हणून, बढतीसाठी कामाला येते. पण फौजेसाठी म्हणून ती घेत असाल तर तारखा जुळतात का ते पाहा. चोवीस-पंचविशीतल्या मुलीला मात्र मी हाच रस्ता डोळे मिटून सांगते.

एकतिसाव्या वर्षी आत जाणं कसं असतं तेही ऐका, कारण वयाचा प्रश्न तुम्ही विचारलाय. माझ्या बरोबरीच्या लेफ्टनंट बावीस-तेवीसच्या होत्या. मला वॉर्ड समजावून सांगणारी कॅप्टन माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. गावाकडे मी सिस्टर, मोठी ताई, डॉक्टरही मला विचारून औषध लिहायचे. इथे पहिल्याच दिवशी बेडशीटच्या कोपऱ्याच्या घडीवरून ऐकून घ्यावं लागलं. मी पंधरा दिवस रात्री रडले. मग एकदा वॉर्डात एक अत्यवस्थ रुग्ण आला आणि त्याचं नाव डीआय लिस्टवर चढलं. डीआय म्हणजे डेंजरसली इल. हे नाव चढलं की युनिटला, घरच्यांना, वर मुख्यालयाला कळवायची साखळी त्याच क्षणी सुरू होते. कुणी फोन करायचा, कुणी रक्ताची सोय करायची, नातेवाईक आले तर कुणी उतरवून घ्यायचे, सगळं ठरलेलं. चादरीच्या कोपऱ्याची आणि या साखळीची शिस्त एकच आहे हे त्या रात्री मला कळलं. त्या कॅप्टन पोरीला मी त्यानंतर मनापासून "मॅडम" म्हटलं.

आणखी एक रात्र सांगते. उत्तरेतल्या एका लष्करी दवाखान्यात होते. हिमदंश झालेला जवान वरच्या पोस्टवरून खाली आणला होता, दोन्ही हातांची बोटं पांढरी, लाकडासारखी कडक. असे हात शेकोटीला धरत नाहीत, चोळत नाहीत. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवायचे आणि पाणी गार व्हायला लागलं की त्यात गरम पाणी घालून तेच तापमान राखायचं. थर्मामीटर पाण्यात, नजर घड्याळावर. बोटांत रक्त परतायला लागलं की असह्य कळा येतात. गडी ओठ चावून गप्प होता. आणि एकदम तोंडातून निघालं, "माय वं..." मी विचारलं, "कुठचा रे तू?" म्हणाला, "मलकापूरकडचा. तुमी?" म्हटलं, "दिग्रसची. रड बाप्पा, इथं कोणी नाही पाहत." मग तो रडला. पाणी बदलत बदलत मी त्याला कपाशीचे भाव विचारत होते आणि तो हुंदके देत सांगत होता. दोन बोटांची टोकं गेली, आठ वाचली. तुम्ही अंबू बॅग दाबताना जे वाटलं म्हणता ना, ते मला ठाऊक आहे.

लग्नाबद्दलही एक सांगायला हवं. कधीकाळी या सेवेत लग्न केलं म्हणून नर्सला काढून टाकायचे. १९८८ मध्ये एका लेफ्टनंट नर्सला असंच काढलं होतं. तो नियम १९९५ मध्ये मागे घेतला गेला, पण त्यांचा लढा चालूच राहिला. १४ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी चुकीची आणि मनमानी ठरवली आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तेव्हा "संसारी बाईला फौजेत घेत नाहीत" असं सासरी कोणी म्हणालं तर ती जुनी गोष्ट आहे असं सांगा.

आता दुसरा दरवाजा. टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना, लोकांच्या तोंडी टीए. धोनी यात मानद लेफ्टनंट कर्नल आहे म्हणून पोरांना नाव माहीत असतं, पण मानद पद वेगळं आणि परीक्षा देऊन मिळवलेलं कमिशन वेगळं. हिचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी उद्घाटन केलं. कल्पना अशी की आपापल्या पोटापाण्याचं काम करणाऱ्या नागरिकाने वर्षातला थोडा काळ सैनिकी शिक्षण घ्यावं आणि देशाला गरज पडली की हजर व्हावं. अमेरिकेतल्या तुमच्या नात्यातल्या बाईंच्या जवळपास जाणारं आपल्याकडे हेच आहे. नागपूरला गेलात तर सीताबर्डीचा किल्ला पाहा. तिथे टीएची ११८ वी इन्फंट्री म्हणजे पायदळाची बटालियन आहे, ग्रेनेडियर्स रेजिमेंटची. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला किल्ला लोकांसाठी उघडतात. पोरांना घेऊन एकदा जाऊन या, आपल्याच भागात हे आहे ते डोळ्यांनी दिसेल.

टीएचा अधिकारी व्हायला वय १८ ते ४२, कोणत्याही शाखेची पदवी आणि स्वतःची कमाई असावी लागते. बेरोजगाराला यात घेत नाहीत, कारण मूळ कल्पनाच नोकरी-धंदा सांभाळून सेवा अशी आहे. सरकारी नोकर असाल तर खात्याचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. पोलीस, निमलष्करी दलं आणि नियमित फौजेतल्यांना यात जाता येत नाही. महिलांना हा दरवाजा उघडला तो दिल्ली उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१८ च्या निकालानंतर. पण जागा किती असतात ते पाहा: २०२५ च्या जाहिरातीत एकूण १९ जागा होत्या, त्यातली महिलांसाठी एक. देशभरातून एक. लेखी परीक्षेत तर्क, गणित, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी, चुकीच्या उत्तराला गुण कापतात. त्यानंतर मुलाखत मंडळ, मग एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, पाच दिवसांची परीक्षा, मग वैद्यकीय तपासणी.

तुमची इथली पहिली अडचण पदवीची आहे. जीएनएम ही पदविका आहे. टीएला पदवी कोणतीही चालते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची बीए चालेल, पण तिला तीन वर्षं लागतात. तुम्ही ३८ च्या आहात, म्हणजे आज नोंदणी केली तर ४१ ला पदवी हातात येईल आणि बेचाळिशीच्या आत परीक्षेची एखादी संधी मिळेल. एका जागेसाठी एक संधी. मी तुम्हाला नको म्हणत नाही. मी आकडे मांडते आहे.

आणि निवड झालीच तर? तिथे तुम्ही सैनिकी अधिकारी असाल. नकाशा वाचणं, हत्यार चालवणं, जवानांची तुकडी सांभाळणं हे काम. तुमची १४ वर्षांची नर्सिंग तिथे तुमच्या अंगात असेल, कोणाला लागलं तर हात आपोआप चालतील, पण पद नर्सचं नसेल. वेळही शनिवार-रविवारचा नाही. पहिल्या वर्षी महिन्याभराचं मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर, आणि पहिल्या दोन वर्षांत कधीतरी तीन महिन्यांचं कमिशनोत्तर प्रशिक्षण. बेरीज करा: पहिल्या दोन वर्षांत आठ महिने घराबाहेर. शिवाय बोलावणं आलं की जावंच लागतं. ६ मे २०२५ ला केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टीएचे अधिकारी आणि जवान बोलावून घ्यायचे अधिकार दिले, आणि ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन वेगवेगळ्या कमांडमध्ये तैनात करायला मान्यता दिली. त्या दिवशी ज्याच्या घरी पेरणीची तयारी चालू होती तोही बॅग भरून निघायच्या तयारीत असणार. सेवेहून परतल्यावर मूळ मालकाने नोकरीवर परत घ्यावं अशी कायद्यात तरतूद आहे. पण अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असलेल्या नर्सने हे आपल्या कार्यालयाकडून आधी लेखी घ्यावं, असं माझं मत आहे.

तुमच्या प्रश्नात दोन ओळी अशा आहेत ज्यांवरून मला वाटतं की तुम्हाला वर्दीपेक्षा दुसरंच काही हवं आहे. तुम्ही मण्यारीची गोष्ट सांगितली. रात्री जमिनीवर झोपलेलं पोर पहाटे पोट दुखतं म्हणून उठतं, दाताची खूण दिसत नाही, घरचे अपचन समजतात. आणि तुम्ही त्याच्या पापण्या खाली आलेल्या पाहिल्या. वीस मिनिटं काचेच्या नळीत रक्त ठेवून पाहिलं तर ते व्यवस्थित गोठलं, म्हणून कोणी गाफील राहिलं असतं. मण्यारीच्या विषात रक्त गोठतंच, श्वास बंद पडतो. तुम्ही गाफील राहिला नाहीत. डॉक्टरांनी सर्पविषावरच्या औषधाच्या दहा व्हायल लावल्या, आणि तुम्ही श्वास आपल्या हातात घेतलात. सव्वा तास, मिनिटाला बारा-पंधरा वेळा. फौजेत याला जो शब्द आहे तो मी तुम्हाला सांगते: कॅज्युअल्टी इव्हॅक्युएशन, म्हणजे जखमीला जिवंत दवाखान्यापर्यंत पोहोचवणं. त्यासाठी तिथे वेगळी शिकवण असते, सराव असतो, काम झाल्यावर बसून चर्चा असते, आणि कमांडिंग ऑफिसर येऊन पाठीवर हात ठेवतो. तुमच्याकडे परत आल्यावर काय झालं? रजिस्टर भरलं असेल, आणि ड्यूटी तशीच पुढे चालू. हसणारे घरचे. मला वाटतं तुम्हाला ती शिकवण, तो सराव आणि तो पाठीवरचा हात हवा आहे. त्यात चूक काहीच नाही. आणि हे मिळायला पस्तिशीची अट नाही.

माजी सैनिकांची नर्सिंग करायची असेल तर ईसीएचएस पाहा. माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठीची ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. नागपूर, अमरावती, अकोला इथे तिची पॉलिक्लिनिक आहेत. तिथे नर्सिंग असिस्टंट कंत्राटावर घेतात, जीएनएम चालतं, अनुभव मागतात, आणि वयाची मर्यादा तुमच्यापेक्षा बरीच वर आहे. प्राधान्य माजी सैनिकांना असतं, तरी जागा भरली नाही तर नागरिकांना घेतात. जाहिरात त्या त्या स्टेशन हेडक्वार्टरकडून, म्हणजे लष्कराच्या स्थानिक मुख्यालयाकडून निघते, नागपूरकडच्यांनी कामठीवर लक्ष ठेवावं. कामठीची छावणी १८२१ ची, तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळाच्या रेजिमेंटचं केंद्र आहे, त्यामुळे त्या भागात निवृत्त सैनिक भरपूर.

सेवा संपल्यावर मी दोन वर्षं अशाच एका पॉलिक्लिनिकमध्ये काम केलं. तिथले एक म्हातारे हवालदार आठवतात. मधुमेहाने पायाला जखम झालेली. तीन कोस चालत फाट्यावर यायचे, तिथून एसटी. ड्रेसिंगला बसताना बूट स्वतः काढायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. "सिस्टर, बूट माझे मी काढीन, पाय तुम्ही बघा." त्या बुटांना पॉलिश असायचं, एका बुटाचा अंगठा कापून जखमेला जागा केलेली. मी त्यांना मऊ चप्पल घ्या म्हणून चार महिने सांगत होते. शेवटी त्यांच्या बायकोला सांगितलं, तेव्हा चप्पल आली. ही नर्सिंग रणांगणावरची नाही, पण फौज माणसाच्या अंगात किती खोल गेलेली असते ते इथे दिसतं. आणि त्यांच्याशी वऱ्हाडीत बोलणारी सिस्टर त्यांना हवी असते.

सराव आणि आणीबाणीचं काम हवं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जा आणि "आपदा मित्र" विचारा. मूळ योजनेत वय १८ ते ४०, बारा दिवसांचं प्रशिक्षण. तुमच्याकडे दोन वर्षं आहेत, म्हणून हे पहिलं करा. पूर, वीज पडणं, उष्माघात, यात पहिल्या तासात काय करायचं ते शिकवतात, आणि नर्स असलेली स्वयंसेवक त्यांना सोन्यासारखी वाटते. विदर्भात हे काम कमी नाही. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेच्या पुराने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत गावंच्या गावं वेढली होती. भामरागडला पर्लकोटा चढली की रस्ता बंद होतो आणि बाळंतीण अलीकडे, दवाखाना पलीकडे अशी गत होते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी नागपूरला असते, पण ती पोहोचेपर्यंतचे तास गावातल्याच माणसांना काढावे लागतात.

वर्दीच हवी असेल तर होमगार्ड आहे, २० ते ५० वय, दहावी पास, महिलांना उंची १५० सेंटीमीटर आणि ८०० मीटर धावणं. सणाचा बंदोबस्त, निवडणूक, पूर, अशा वेळी बोलावतात. लोक याला कमी लेखतात, मला ते पटत नाही. पोळ्याच्या गर्दीत कुणी कोसळलं तर सीपीआर देणारा होमगार्ड तिथे असणं ही मोठी गोष्ट आहे. फक्त तुम्ही सरकारी नोकरीत आहात, तेव्हा खात्याची परवानगी आधी.

घरच्यांच्या हसण्याबद्दल. माझी सासूबाई हसली नव्हती, ती बोललीच नव्हती. सहा महिने. मला तेव्हा राग यायचा. आता कळतं की कपाशीच्या वेचणीला घरातली दोन हातांची बाई कमी होणार, नातू सांभाळायचे कुणी, हा तिचा खरा प्रश्न होता आणि मी त्याचं उत्तर न देता देशसेवेवर भाषण देत होते. तुम्ही तसं करू नका. कोणत्या महिन्यात किती दिवस बाहेर, तेव्हा स्वयंपाक कोण, शाळेचा डबा कोण, पैसे किती येणार, हे वहीत लिहून नवऱ्यासमोर ठेवा. बारा दिवसांच्या आपदा मित्रने सुरुवात केली तर घरालाही सवय होते आणि तुम्हालाही कळतं की हे झेपतं का.

शरीराचं आजच सुरू करा, दरवाजा कोणताही असो. पहिली तपासणी हिमोग्लोबिन. आपण नर्स बाया दुसऱ्यांना लोहाच्या गोळ्या देतो आणि स्वतः चहा-बिस्किटावर रात्रपाळी काढतो. सोबत सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी करून घ्या, आपल्या भागात ते प्रमाण जास्त आहे, आणि वैद्यकीय मंडळासमोर पहिल्यांदा कळण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं. पाठ आणि गुडघे पाहा. रुग्ण उचलून उचलून आपल्या सगळ्यांची कंबर गेलेली असते. पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर आधी एक किलोमीटर भरभर चाला, तीन आठवड्यांनी धावा. साडीवर नको, सरळ सलवार आणि बूट. दोन दिवस लोक बघतील, तिसऱ्या दिवशी त्यांचं त्यांना काम असतं. माझ्याबरोबर आता गावातल्या चार पोरी पळतात, त्यातली एक पोलीस भरतीचा अभ्यास करते.

तुमच्या मुलीचं तुम्ही लिहिलं नाही, पण अडतिशीच्या नर्सच्या घरी बहुधा दहावी-अकरावीचं लेकरू असतं. मुलगी असेल आणि तिला ओढ असेल तर लष्कराच्या सहा नर्सिंग कॉलेजांत चार वर्षांचं बीएस्सी होतं: पुणे, मुंबई, कोलकाता, दिल्ली, लखनऊ, बंगळुरू. मिळून २२० जागा. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, आणि नीट द्यावी लागते. शिक्षण सरकारी खर्चाने, त्यानंतर सेवेची हमी द्यावी लागते. आपल्या तालुक्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांत मी दरवर्षी हे सांगायला जाते, आणि दरवर्षी वर्गातल्या बहुतेक मुलींना याची काहीच माहिती नसते.

शेवटचं काम कागदाचं, आणि ते तुम्हाला कोणताही रस्ता घेतला तरी लागणार आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर सासरचं, आधारवर तिसरंच, बापाच्या नावातल्या एका वेलांटीचा फरक. मी पाहिलेल्या अर्जांत सगळ्यात जास्त अडचण याच एका गोष्टीने येते, अभ्यासाने नाही. सगळे कागद एका पिशवीत काढा, ओसरीवर पसरा, नावं अक्षर-अक्षर जुळवा. जिथे जुळत नाही तिथे विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद लागेल. त्याला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज आधी टाका. कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर तेही याच आठवड्यात. मग पुढच्या सुट्टीच्या दिवशी जिल्ह्याला जाल तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापनाची खोली शोधा आणि पुढची तुकडी कधी आहे ते विचारून या.